शंभराच्याच नोटा का? भारत-नेपाळ तणाव, सोप्या भाषेत

२०१९ साली नवरात्राच्या आठवडाभर आधी आमच्या इमारतीचे रात्रपाळीचे वॉचमन हिशेब करायला आले. ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला आमची सोळा घरांची जुनी सोसायटी आहे आणि त्या वर्षी खजिनदार मी होते. त्यांना दसैंसाठी, म्हणजे नेपाळी दसऱ्यासाठी, गावी जायचं होतं. दोन महिन्यांचा पगार आणि वर्षभर माझ्याकडे ठेवायला दिलेले पैसे मी पाचशेच्या नोटांत मोजून ठेवले होते. त्यांनी पाकिटात डोकावून पाहिलं आणि संकोचून म्हणाले, "ताई, शंभराच्याच द्या ना."

प्रवास लांबचा. कल्याणहून रेल्वेने दिल्ली, दिल्लीहून बसने उत्तराखंडातलं बनबसा, तिथून महाकाली नदीवरच्या बंधाऱ्याच्या पुलावरून पायी पलीकडे, महेंद्रनगरला पुन्हा बस आणि मग पश्चिम नेपाळच्या डोंगरातला अछाम जिल्हा. एवढ्या वाटेवर नोटांची जाड बंडलं कशाला बाळगायची, असं मी विचारलं. "पाचशेची आमच्याकडे बंद आहे," एवढंच ते म्हणाले. मी बँकेतून बंडलं आणून दिली आणि ती गोष्ट विसरून गेले.

परवा भाची एमपीएससीच्या अभ्यासासाठी माझ्याकडे राहायला आली. तिच्या वहीत भारत-नेपाळ वादाचं पान दोन रंगांच्या शाईत सुरेख लिहिलेलं होतं: कालापानी, लिपुलेख, लिंपियाधुरा, सुमारे ३३५ चौरस किलोमीटर. "आत्या, पाठ झालंय गं, पण कळलं नाही. एवढ्याशा जागेवरून दोन देशांचं इतकं का बिनसावं?"

३३५ चौरस किलोमीटर म्हणजे किती, ते ठाण्याच्या माणसाला पटकन कळेल. सिडकोने नवी मुंबईसाठी जो प्रदेश अधिसूचित केला तो ३४४ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जवळजवळ एक नवी मुंबई, फक्त ती हिमालयात, वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली आणि वस्ती अगदी मोजकी. पण मी तिला म्हटलं, जागेपासून सुरुवात करू नकोस. शंभराच्या नोटेपासून कर.

नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्याकडे पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा आपण रांगांत उभे राहिलो. हाल झाले, पण रांगेच्या टोकाला निदान बँक होती. नेपाळमध्ये भारतीय रुपया सर्रास चालतो. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये असा बांधलेला दर आहे. त्यामुळे तिथल्या घराघरांत, दुकानांत, बाहेरगावी राबणाऱ्यांच्या ट्रंकांत आपल्या पाचशे-हजारच्या नोटा होत्या. त्यांच्यासाठी रांगच नव्हती. नेपाळ राष्ट्र बँक आणि आपली रिझर्व्ह बँक यांच्यात बोलणी होत राहिली आणि त्या नोटा बदलून देण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत पडला. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभराहून मोठ्या भारतीय नोटा बाळगायला आणि वापरायला बंदी घातली. आमच्या वॉचमनच्या पत्नीने पिठाच्या डब्यात जपून ठेवलेल्या हजाराच्या चार नोटा अशाच मातीमोल झाल्या होत्या. हे मला फार उशिरा कळलं.

नोटाबंदी करताना दिल्लीने नेपाळचं वाईट चिंतलं होतं का? नाही. नेपाळचा विचारच फारसा झाला नव्हता. या नात्यातली सगळ्यात दुखरी जागा मला हीच वाटते. भारताच्या टेबलावर नेपाळ ही पाच-पन्नास फायलींतली एक फाइल असते. नेपाळच्या टेबलावर भारत म्हणजे टेबलच. औषधं, पेट्रोल, मीठ, सिमेंट, नोकरी, सोयरीक, बातम्या, सगळं त्याच्यावर मांडलेलं. नेपाळच्या परदेशी व्यापारातला जवळपास दोन तृतीयांश वाटा एकट्या भारताचा आहे. त्यामुळे दिल्लीत कुणी सहज कूस बदलली तरी काठमांडूत भांडी पडतात.

कांद्याचं बघा. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये भाव चढले की शहरांतून ओरड होते आणि केंद्र सरकार निर्यात रोखतं. २०१९ मध्ये रोखली, २०२० मध्ये रोखली, पुन्हा ८ डिसेंबर २०२३ ला रोखली. त्या दिवसांत नाशिक जिल्ह्यात शेतकरी रस्त्यावर आले, लिलाव बंद पडले, ते आपण टीव्हीवर पाहिलं. काठमांडूच्या कालिमाटी बाजारात त्याच आठवड्यात कांद्याचे भाव कुठे गेले, ते कुणी दाखवलं नाही. नेपाळ आपला जवळजवळ सगळा आयात कांदा भारतातूनच घेतो. निर्णय मुंबई-दिल्लीच्या ताटासाठी झाला, आणि त्याची झळ चांदवडच्या शेतकऱ्याला आणि काठमांडूच्या गृहिणीला एकाच वेळी लागली. दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं.

आता मागे जाऊ. भाचीच्या वहीत पहिली ओळ होती १९५० चा शांतता आणि मैत्री करार. आमचे वॉचमन पासपोर्टशिवाय, व्हिसाशिवाय ठाण्यात येऊन राहतात, काम करतात, ते या कराराच्या जोरावर. एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, धंदा करण्याची, मोकळेपणी फिरण्याची मुभा कलम ७ देतं. साधारण १,७५० किलोमीटरची सीमा अशी उघडी आहे. त्या सीमेच्या दोन्ही अंगांना, विशेषतः बिहार आणि तराईत, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यात, खरोखर रोटी-बेटी व्यवहार चालतो. नवरा मुलगा सायकलवरून परदेशात जाऊन बोहल्यावर उभा राहतो असं जगात फार ठिकाणी घडत नाही.

मग या कराराबद्दल नेपाळमध्ये राग का? दोन कारणं सांगते. पहिलं सह्यांचं. ३१ जुलै १९५० ला नेपाळच्या बाजूने खुद्द पंतप्रधान मोहन शमशेर राणांनी सही केली आणि भारताच्या बाजूने राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांनी. एका पंतप्रधानासमोर एक राजदूत. आपल्याला ही बारीकशी गोष्ट वाटेल. लग्नात वधूपित्याशी बोलायला वरपक्षाकडून वडिलांऐवजी कारभारी पाठवला, तर ते त्या घरात किती पिढ्या सांगितलं जाईल, याचा विचार करा. शिवाय राणा हे पिढीजात पंतप्रधानांचं घराणं, लोकांनी निवडलेलं नव्हे. करारानंतर काही महिन्यांतच त्यांची शतकभराची सत्ता कोसळली. त्यामुळे 'पडत्या राजवटीकडून घाईने लिहून घेतलेला कागद' असा समज तिथे रुजला. दुसरं कारण सुरक्षेचं. शेजारी देशाशी गंभीर तंटा उद्भवला तर एकमेकांना कळवायचं, असं करारात आहे. नेपाळने भारतातून किंवा भारतमार्गे शस्त्रं आणण्याबद्दलची तरतूदही आहे. शस्त्रांसाठी भारताची संमती घ्यायची, असाच तिचा अर्थ नेपाळमध्ये वाचला जातो आणि स्वतंत्र देशाला हे बोचतं.

भारताची तेव्हाची भीती खोटी नव्हती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिनी सैन्य तिबेटमध्ये घुसलं. डिसेंबरमध्ये नेहरूंनी संसदेत हिमालय ही भारताच्या संरक्षणाची भिंत आहे, ती कुणाला ओलांडू देता येणार नाही, या आशयाचं निवेदन केलं. त्या भिंतीचा मोठा भाग नेपाळमध्ये येतो. नेपाळचं आधुनिक राज्य उभं करणाऱ्या पृथ्वीनारायण शहांनी अठराव्या शतकातच आपल्या देशाला दोन शिळांमधल्या कंदाची उपमा दिली होती. कोकणातल्या माणसाने कोनफळ डोळ्यांसमोर आणावं. दोन दगडांच्या फटीत ते वाढतं, पण दगडांच्या मापानेच.

यापुढची गोष्ट रस्त्याची आहे आणि ती ठाण्यात बसून फार चांगली समजते.

आमची इमारत १९७० च्या दशकातली. नंतर पुढच्या मोकळ्या जागेवर मोठं संकुल उभं राहिलं आणि आमचा रस्ता त्यांच्या आवारातून जाऊ लागला. गावाकडे याला वहिवाट म्हणतात. ज्याच्या शेताला स्वतःचा रस्ता नाही, त्याला शेजारच्या बांधावरून जाण्याचा हक्क असतो, पण बैलगाडी कधी आणि कुठून न्यायची ते मोठ्या शेतवाल्याच्या मर्जीवर राहतं. नेपाळला समुद्र नाही. परदेशातून येणारा माल कोलकाता, हल्दिया आणि अलीकडे विशाखापट्टणम इथे उतरतो आणि रेल्वे-ट्रकने सीमेवर जातो. समुद्र नसलेल्या देशांना शेजाऱ्याच्या भूमीतून समुद्रापर्यंत जाण्याचा हक्क १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने मान्य केला आहे, पण अटी-शर्ती दोन देशांनी आपसांत ठरवायच्या. म्हणून व्यापार आणि पारगमन, म्हणजे माल पलीकडे नेण्याची वाट, याचे वेगवेगळे करार असतात आणि त्यांची मुदत संपते.

२३ मार्च १९८९ ला ती संपली. त्याआधी नेपाळने चीनकडून विमानविरोधी तोफा घेतल्या होत्या आणि काठमांडूत भारतीयांना कामासाठी परवाना सक्तीचा केला होता. दिल्लीत नाराजी होती. भारताला दोन्हींसाठी एकच करार हवा होता, नेपाळला दोन वेगळे. बोलणी फिसकटली आणि पारगमनाच्या पंधरापैकी तेरा वाटा बंद झाल्या. रॉकेल संपलं, लोकांनी चुलीसाठी झाडं तोडली. हा तिढा वर्षभराहून अधिक चालला. त्याच काळात राजाविरुद्धचं जनआंदोलन पेटलं आणि १९९० मध्ये तिथली पंचायत व्यवस्था, म्हणजे राजकीय पक्षांना बंदी असलेली राजाची राजवट, गेली.

नेपाळमधली चाळिशीतली माणसं ते वर्ष आईच्या तोंडून ऐकत मोठी झाली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याला ओळभरसुद्धा जागा नाही. मी स्वतः पंचवीस वर्षं शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं आणि ते वर्गात एकदाही सांगितलं नाही, याचं मला आज वाईट वाटतं.

म्हणून २०१५ मध्ये जे झालं, त्याचा घाव दुप्पट लागला. २५ एप्रिल २०१५ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसं गेली. भारताची विमानं, बचावपथकं काही तासांत काठमांडूत उतरली. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, नरेंद्र मोदींचं तिथे मनापासून स्वागत झालं होतं. १७ वर्षांत भारताचा पंतप्रधान द्विपक्षीय भेटीला गेला नव्हता. म्हणजे नातं बऱ्याच वर्षांनी चांगलं चाललं होतं.

भूकंपाच्या धक्क्याने नेपाळच्या पक्षांनी वर्षानुवर्षं रखडलेली राज्यघटना झटपट पूर्ण केली आणि २० सप्टेंबर २०१५ ला ती लागू केली. तराईतले मधेशी आणि थारू हे समाज नाराज होते. प्रांतांच्या सीमा अशा आखल्या की आपल्याला कुठेच वजन राहू नये, मतदारसंघ डोंगराळ भागाकडे झुकतात, नागरिकत्वाचे नियम सीमेपलीकडे लग्न करणाऱ्यांना अन्यायाचे आहेत, अशी त्यांची तक्रार होती. घटना लागू होण्याआधीच्या आंदोलनात चाळीसहून अधिक माणसं मेली होती. भारताने परराष्ट्र सचिव एस. जयशंकर यांना दोन दिवस आधी काठमांडूला पाठवून सगळ्यांना बरोबर घ्या, असा आग्रह धरला. नेपाळच्या नेत्यांना तो आपल्या घरातला हस्तक्षेप वाटला.

घटना लागू झाली त्या दिवशीचं भारताचं निवेदन भाचीला मी समजावून सांगितलं, कारण मुत्सद्देगिरीची भाषा अशीच वाचावी लागते. भारताने घटनेचं 'स्वागत' केलं नाही, तिची 'नोंद' घेतली. सोसायटीच्या सभेत कुणी 'ठरावाचं अभिनंदन' म्हणतं आणि कुणी 'ठरावाची नोंद घेण्यात आली' म्हणतं. दुसऱ्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

मग सीमेवर ट्रक थांबले. रक्सौल आणि बीरगंज यांच्यामधल्या पुलावर मधेशी आंदोलक बसले. नेपाळचं इंधन त्या काळात सगळंच्या सगळं इंडियन ऑइलकडून येत होतं. पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, औषधं यांचा तुटवडा झाला. भूकंपात घर गेलेली माणसं ताडपत्रीखाली आणि समोर हिवाळा. आमच्या वॉचमनचा धाकटा भाऊ काठमांडूत टॅक्सी चालवायचा. पाच लिटर पेट्रोलसाठी तो दोन रात्री गाडीत झोपला, आणि वॉचमन इथे आमच्या गेटवर बसून त्याला फोनवर धीर देत होते.

भारताचं म्हणणं असं होतं, की आम्ही काहीच अडवलेलं नाही, आंदोलन तुमच्या हद्दीत आहे, आमचे ट्रकचालक जीव धोक्यात घालून कसे येतील? नेपाळचं म्हणणं असं, की ज्या नाक्यांवर आंदोलक नाहीत तिथेही गाड्या सोडल्या जात नाहीत, त्याचं काय?

कोण खरं? मला आमच्या रस्त्याचा प्रसंग आठवतो. संकुलाशी पार्किंगवरून वाद झाला होता आणि त्याच आठवड्यात त्यांच्या गेटचं काम निघालं. तीन दिवस आमचा पाण्याचा टँकर आत येऊ शकला नाही. त्यांच्या समितीने शांतपणे सांगितलं, आम्ही अडवलं नाही, काम चालू आहे. काम खरोखर चालू होतं. त्या तीन दिवसांत मी बादल्या भरून चार जिने चढले आणि तेव्हा कागदावर कोण बरोबर आहे हे माझ्या लेखी संपलेलं होतं. गेट त्यांचं होतं. ज्याच्या हातात गेट असतं, त्याचा शब्द छोट्याला पुरत नाही. त्याला गेट उघडलेलं पाहायचं असतं. फेब्रुवारी २०१६ च्या सुरुवातीला नाकी मोकळी झाली. भारतात ती बातमी केव्हाच मागे पडली होती, नेपाळमध्ये 'नाकाबंदी' हा शब्द घरगुती झाला.

पुढच्याच महिन्यात पंतप्रधान के. पी. शर्मा ओली बीजिंगला गेले आणि चीनशी पारगमन करार करून आले. नंतर चार चिनी बंदरं वापरायची परवानगीही मिळाली. व्यवहारात त्याचा उपयोग थोडा. बीरगंजपासून कोलकाता सुमारे सातशे किलोमीटर, तर तियानजिन बंदर तीन हजारांहून जास्त, आणि मध्ये हिमालय उभा. पण 'दुसरं दार आहे' एवढं सांगता येणं, ही त्या कराराची खरी किंमत होती. चीन नेपाळमध्ये आला की आपल्याकडे चिडचिड होते. त्याला आत बोलावण्यात आपल्या बंद गेटचाही वाटा होता, हे फार थोडे लोक कबूल करतात.

भारतानेही काही शिकून घेतलं, असं दिसतं. मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची इंधनवाहिनी सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. ट्रकची रांग आता तितकी जिवावरची नाही.

आता त्या नकाशाकडे येऊ. इंग्रज आणि नेपाळ यांच्यातल्या युद्धानंतर १८१६ मध्ये सुगौलीचा तह पक्का झाला आणि काली नदी (खाली बनबशाला हीच महाकाली) ही नेपाळची पश्चिम हद्द ठरली. हद्द नदी, इतकं साधं. फक्त तिचा उगम कोणता, ते तहात लिहिलं नाही. वर डोंगरात दोन प्रवाह आहेत. नेपाळ म्हणतो, लिंपियाधुऱ्याहून येणारा मोठा प्रवाह हीच काली, म्हणून त्याच्या पूर्वेचं सगळं आमचं. भारत म्हणतो, काली कालापानीजवळच्या झऱ्यांपासून सुरू होते. नेपाळ जुने ब्रिटिश नकाशे आणि १९६१ ची जनगणना दाखवतो. भारत एकोणिसाव्या शतकापासूनची महसुली दप्तरं दाखवतो आणि १९६२ च्या चीन युद्धाच्या काळापासून तिथे आपली चौकी आहे. ओढा ही हद्द धरलेल्या दोन शेतांचं असंच होतं. सातबारा एक सांगतो, मोजणीचा नकाशा दुसरं, आणि ताबा असतो त्याचा आवाज मोठा लागतो. गंमत म्हणजे उरलेल्या सीमेचं जवळपास ९८ टक्के रेखांकन दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून पुरं केलं आहे. अडलंय ते कालापानीला आणि गंडक नदीने पात्र बदलल्यामुळे वादात पडलेल्या सुस्ताला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरच्या पुनर्रचनेनंतर भारताने नवा नकाशा काढला. नेपाळने हरकत घेतली, चर्चा मागितली. ती झाली नाही. ८ मे २०२० ला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी कैलास-मानसरोवरच्या वाटेवरच्या लिपुलेखपर्यंतच्या रस्त्याचं उद्घाटन केलं आणि भडका उडाला. बारा दिवसांनी नेपाळने स्वतःचा नकाशा काढला आणि जूनमध्ये घटनाच दुरुस्त केली. एरवी एकमेकांचे गळे धरणारे पक्ष तिथे एक झाले, कनिष्ठ सभागृहातल्या उपस्थित सर्व सदस्यांनी बाजूने मत दिलं. ओलींनी याचा राजकीय फायदा पुरेपूर उठवला, हे खरंच आहे. भारतविरोध हे तिथे मतं मिळवायचं हमखास साधन झालं आहे आणि त्याने नेपाळचंही नुकसानच होतं. नकाशा घटनेत गेला की देवाणघेवाणीला जागा उरत नाही. पुढचा कुठलाही पंतप्रधान एक पाऊल मागे घेऊ शकत नाही.

त्याच मे महिन्यात आपले लष्करप्रमुख, पुण्याचे मनोज नरवणे, म्हणाले की नेपाळ हा प्रश्न कुणा दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढत असावा. रोख चीनकडे होता. नेपाळमध्ये हे फार लागलं, कारण त्याचा अर्थ असा निघतो की तुम्हाला स्वतःहून राग येऊ शकत नाही. आणि नोव्हेंबरमध्ये हेच नरवणे काठमांडूला गेले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष विद्यादेवी भंडारी यांनी त्यांना नेपाळी सैन्याचं मानद जनरलपद दिलं. दोन्ही देश एकमेकांच्या लष्करप्रमुखांना हा मान देतात आणि ती प्रथा १९५० पासूनची आहे. परक्यांशी कुणी असं वागत नाही. भाऊबंदकीतच हे होतं, की कोर्टात तारीख चालू असते आणि लग्नाला आहेरही जातो.

पाण्याचं थोडक्यात सांगते, नाहीतर तो वेगळाच लेख होईल. १९५४ च्या करारानुसार कोशी नदीवर बंधारा झाला. तो नेपाळच्या जमिनीवर आहे, त्याची देखभाल आणि चालवणं बिहारकडे आहे, आणि सिंचनाचा मोठा लाभ भारताला. शहापूर तालुक्यात कुणी नातेवाईक असतील तर हे सांगावं लागणार नाही. तानसा, भातसा त्यांच्या तालुक्यात, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. ऑगस्ट २००८ मध्ये कोशीचा बांध नेपाळमधल्या कुसहा इथे फुटला, तेव्हा मात्र पुराने हद्द पाहिली नाही. बिहारमध्येच तीस लाखांहून जास्त लोकांना त्याचा फटका बसला. १९९६ च्या महाकाली करारातलं पंचेश्वर धरण अजून कागदावर आहे. नेपाळमधल्या अविश्वासाची मुळं कोशीत आहेत.

आज विजेचं चित्र त्यापेक्षा बरं आहे. दहा वर्षांत १०,००० मेगावॉटपर्यंत वीज घ्यायचा करार जानेवारी २०२४ मध्ये झाला. मात्र ज्या प्रकल्पात चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार आहे, त्याची वीज भारत घेत नाही. भारतीय सैन्यातल्या नेपाळी गोरख्यांच्या भरतीचं दार उलट बंद झालं आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, चार वर्षांच्या नोकरीनंतर आमच्या मुलांचं काय, असं नेपाळने विचारलं, आणि कोरोनात थांबलेली भरती पुन्हा सुरू झाली नाही. १९४७ च्या भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्यातल्या त्रिपक्षीय समझोत्यापासून चालत आलेली ती वाट होती. योजना आखताना काठमांडूला विचारलं गेलं नव्हतं. पुन्हा तेच, नोटांचं आणि कांद्याचं.

एका गोष्टीचं मला खरंच दुःख आहे. या सगळ्यावर उपाय सुचवायला दोन्ही देशांनी २०१६ मध्ये चार-चार जाणत्या माणसांचा गट नेमला. भारताकडून प्रमुख होते भगतसिंग कोश्यारी, जे पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, आणि नेपाळकडून भेख बहादुर थापा. १९५० च्या करारापासून सीमेपर्यंत सगळं धरून, एकमताने लिहिलेला अहवाल २०१८ च्या मध्याला तयार झाला. तो दोन्ही पंतप्रधानांच्या हाती द्यायचा होता. तो स्वीकारलाच गेला नाही. आठ माणसांनी दोन वर्षं बसून जे जुळवलं, ते निदान वाचून नाकारायला हवं होतं. मी तरी भारत सरकारची या बाबतीतली गप्प बसण्याची पद्धत चूक मानते.

हे सगळं ऐकल्यावर भाची वही आणि नकाशा घेऊन खाली वॉचमनच्या केबिनमध्ये गेली. मी मागोमाग गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्या देशात समाजमाध्यमांवर बंदी आली, तरुण रस्त्यावर उतरले, ओलींचं सरकार पडलं, त्या दिवसांत घरी व्हिडिओ कॉल लागत नव्हता आणि ते रात्रभर नुसता फोन हातात धरून बसलेले मी पाहिले होते. वीस वर्षं ते इथे आहेत. मराठी बोलतात, ठाण्याच्या नगरसेवकांची नावं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. आमच्या इमारतीतले निम्मे लोक त्यांना अजून 'बहादूर' म्हणतात आणि ते त्यांचं नाव नाही.

भाचीने नकाशावर लिपुलेख दाखवलं आणि विचारलं, "काका, हे कुणाचं?"

त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. मग बोट खाली खाली सरकवत महाकालीच्या काठाने बनबशापाशी आणलं. "एवढ्या वर मी कधी गेलो नाही," ते म्हणाले. "आम्ही इथून जातो. हा पूल बघ. गाड्यांना वेळ ठरलेली असते, चालणाऱ्याला कधीही सोडतात. कोरोनात मात्र महिनोन् महिने बंद होता."

भाचीने पेन काढून वहीतल्या पानावर बनबसा लिहून घेतलं.